रेड-५ रचनेवर डेटाबेसचे लेखन संथ: सुधारणा कुठून सुरू करावी?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडील लिनक्स सर्व्हरमध्ये ७२०० आरपीएमच्या आठ साटा हार्डडिस्क असून एमडीएडीएम (लिनक्समधील रेड-रचना हाताळणारे साधन) वापरून त्यांची रेड-५ रचना, म्हणजे डेटा सर्व डिस्कवर विभागून एक डिस्क बिघडली तरी तो परत मिळेल अशी मांडणी, केलेली आहे. त्यावर पोस्टग्रेसचा डेटाबेस चालतो आणि रात्रीचे बॅकअपही तिथेच घेतले जातात. मोठ्या फाइल वाचताना वेग समाधानकारक असतो, परंतु दिवसा नोंदी वाढू लागल्या की सगळे काम रेंगाळते, आणि त्या वेळी प्रोसेसर जवळजवळ मोकळाच दिसतो. चंकचा, म्हणजे एका डिस्कवर सलग लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा, आकार मूळ सेटिंगप्रमाणे ५१२ केबी आहे आणि फाइल सिस्टीम एक्सएफएस आहे. चंक बदलावा, एसएसडी जोडावी की रचनाच बदलावी, हे ठरवण्याआधी अडचण नेमकी कुठे आहे ते कसे तपासावे?

प्रतिसाद १

आधी तपासायचे ठरवलेत हे योग्यच केलेत. सर्वप्रथम एमडीस्टॅटमध्ये (लिनक्समधील रेड-रचनेची स्थिती दाखवणारी फाइल) रचनेची पडताळणी किंवा पुनर्बांधणी चालू नाही ना, ते पाहा. ती चालू असताना घेतलेली कोणतीही मोजमापे फसवी ठरतात. त्यानंतर ऐन वर्दळीच्या वेळी आयओस्टॅट (डिस्कच्या कामाची आकडेवारी दाखवणारी आज्ञा) विस्तारित स्वरूपात चालवून प्रत्येक डिस्कचा अवेट, म्हणजे एका मागणीला लागणारा सरासरी वेळ, स्वतंत्रपणे वाचा. संपूर्ण रचनेचा एकच आकडा पाहून काहीही कळत नाही. आठही डिस्क सारख्याच दमलेल्या दिसल्या तर दोष रचनेत आहे. सात ठीक आणि एकच मागे पडत असेल तर दोष त्या डिस्कमध्ये आहे, कारण पॅरिटीच्या (हरवलेला डेटा पुन्हा काढता यावा म्हणून ठेवलेली हिशेबी माहिती) रचनेत एक मंद डिस्क बाकीच्यांनाही ताटकळत ठेवते.

तरीही रेड-५ कडून अपेक्षा किती ठेवायची याचा हिशेब आधी मांडून ठेवावा. ७२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात आणि हवे ते सेक्टर हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो. त्यात हेड सरकण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवले की एका डिस्ककडून सेकंदाला जेमतेम ८० विखुरलेल्या क्रिया होतात, आठ डिस्ककडून ६४०. पोस्टग्रेस ८ केबीचे पान लिहितो तेव्हा रेड-५ ला साधारणपणे जुना डेटा वाचावा लागतो, जुनी पॅरिटी वाचावी लागते, आणि मग नवा डेटा व नवी पॅरिटी लिहावी लागते. एका लेखनामागे अशा चार क्रिया होत असल्याने हातात उरतात सेकंदाला सुमारे १६० लेखने. त्याच डिस्क रेड-१० मध्ये, म्हणजे पॅरिटीऐवजी डेटाच्या दोन प्रती ठेवणाऱ्या रचनेत, लावल्या तर प्रत्येक लेखन दोनच ठिकाणी होते आणि हा आकडा ३२० च्या आसपास जातो. चंकच्या वाटेला सध्या जाऊ नका. त्याने या चार क्रियांतली एकही कमी होत नाही.

प्रतिसाद २

वरील हिशेबाशी सहमत आहे. रचना न मोडता करता येण्याजोग्या दोन गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट स्ट्राइप कॅशची. स्ट्राइप म्हणजे सर्व डिस्कवरील एकेक चंक मिळून होणारी ओळ, आणि ही कॅश म्हणजे अशा ओळी जुळवण्यासाठी राखलेली मेमरी. तिचे मूळ मूल्य २५६ असते आणि मोठ्या सलग लेखनाला ते अपुरे पडते. तुमच्या रचनेत एक पूर्ण स्ट्राइप (पॅरिटीचा चंक वगळता) सात चंकची, म्हणजे साडेतीन एमबीची होते. ती पूर्ण भरली तर जुने काही वाचावे लागत नाही. मूल्य ४०९६ केल्यास आठ डिस्कसाठी सुमारे १२८ एमबी मेमरी खर्च होईल. याचा लाभ मुख्यतः बॅकअपला होईल, डेटाबेसला थोडाच. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर हे मूल्य पूर्ववत होते, म्हणून ते यूडेव्हच्या (लिनक्समध्ये उपकरणे ओळखून त्यांची सेटिंग लावणारी व्यवस्था) नियमात लिहून ठेवावे.

दुसरी आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे डेटाबेसचा वॉल, अर्थात व्यवहारांची नोंदवही, स्वतंत्र एसएसडीच्या रेड-१ जोडीवर (दोन्हींवर तोच डेटा) हलवणे. प्रत्येक कमिट (व्यवहार कायम करणे) वॉल डिस्कवर पक्का होईपर्यंत थांबून राहतो, त्यामुळे वापरकर्त्याला जाणवणारा विलंब बहुतेक वेळा तिथेच असतो. मात्र वीज गेल्यास आतील कॅश वाचवणारे कपॅसिटर असलेल्याच एसएसडी घ्याव्यात. एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करणारी सेटिंग) बंद करून वेग वाढवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. तो कृपया मानू नये, कारण अवेळी वीज गेली तर डेटाबेस पुन्हा उघडेलच याची खात्री राहत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. पडताळणी चालू नसताना मोजले. सात डिस्कचा अवेट २० ते २५ मिलिसेकंदांच्या दरम्यान असून एका डिस्कचा सतत १५० च्या वर आहे. स्मार्टच्या (डिस्कची स्वतःची प्रकृती-तपासणी) अहवालात त्याच डिस्कवर वाचता न येणारे काही प्रलंबित सेक्टरही दिसतात. सर्व्हरमध्ये एक जागा रिकामी आहे. ही डिस्क लगेच काढून टाकावी का?

प्रतिसाद १

काढू नका. ती काढताच रचनेला कोणताही आधार उरणार नाही, आणि पुनर्बांधणी करताना दुसऱ्या एखाद्या डिस्कवर एक जरी सेक्टर वाचता आला नाही तरी तिथला डेटा गमवाल. प्रथम बॅकअपची प्रत दुसऱ्या यंत्रावर घ्या. त्याच आठ डिस्कवर ठेवलेल्या प्रतीला मी बॅकअप म्हणणार नाही. मग रिकाम्या जागेत नवी डिस्क बसवून ती स्पेअर (राखीव डिस्क) म्हणून जोडा आणि एमडीएडीएमचा रिप्लेस पर्याय वापरा. त्यात जुनी डिस्क रचनेत राहूनच तिचा मजकूर नवीवर उतरतो, जो सेक्टर वाचता येत नाही तो बाकीच्यांवरून पुन्हा काढला जातो, आणि प्रत पूर्ण झाल्यावरच जुनी बाजूला होते.

त्यानंतर त्याच वेळेला, तशाच वर्दळीत पुन्हा मोजा. अवेट सर्वत्र सारखा झाला आणि काम सुरळीत चालू लागले, तर वॉल हलवण्यापुरताच खर्च करावा. रेड-१० साठी सर्व डेटा बाहेर काढून रचना नव्याने करावी लागेल आणि सात डिस्कइतकी जागा चार डिस्कइतकी होईल. तेवढी जागा पुढच्या वर्षभराला पुरेल का, हे पाहूनच तो निर्णय घ्या.