केमोनंतर ताप: गावातले डॉक्टर की ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरचे डॉक्टर)?

प्रश्न: पेशंटचं केमो मुंबईत, दर २१ दिवसांनी. घर तालुक्याला, हॉस्पिटल ५ तासांवर. मधल्या दिवसांत ताप, उलट्या, जुलाब झाले तर कुणाला कधी गाठायचं?

उत्तर १: तापाचं आधी. डिजिटल थर्मामीटर जिभेखाली धरा. एकदा जरी १०१ दिसला किंवा १००.४ तासभर टिकला, तर रात्रीचे २ वाजले असले तरी निघा. इन्फेक्शनशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी केमोनंतर बहुधा ७व्या ते १४व्या दिवसांत तळाला जातात. तेव्हा पूसुद्धा धरत नाही, त्यामुळे जखम साधी वाटते, पेशंट बरा दिसतो. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणं सगळ्यात घातक. ताप उतरतो, इन्फेक्शन वाढतच राहतं.

मुंबईची गाडी धरू नका. आयसीयू असलेलं जवळचं हॉस्पिटल आजच हेरून ठेवा. कॅज्युअल्टीत शिरताच सांगा, 'केमो चालू आहे, अमुक तारखेला दिलं, आता ताप आहे.' आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणं) यांसाठी रक्त, लगेच शिरेतून अँटिबायोटिक, तेही पोचल्यापासून तासाभरात. रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. ऑन्कॉलॉजिस्टना वाटेतूनच फोन करा.

उत्तर २: फॅमिली डॉक्टरांना केमोच्या कागदांची झेरॉक्स आधीच देऊन ठेवा. बीपी, शुगर, बद्धकोष्ठता ते छान सांभाळतात. उलटी थांबवायला दिलेल्या डेक्सामेथासोननं शुगर चढते, तिकडे त्यांचं लक्ष हवंच. पण कमरेत इंजेक्शन नको म्हणून स्पष्ट सांगा, प्लेटलेट्स कमी असतील तर आत रक्त साकळतं. एनिमाही नको. दिवसभर पाणी पोटात ठरत नसेल किंवा नेहमीपेक्षा ४ जुलाब जास्त झाले, तर त्याच दिवशी ऑन्कॉलॉजिस्टना फोन.

प्रश्नकर्ता: सीबीसीवर 'एएनसी' (न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा) छापलेलं नसतं. मग फोनवर काय सांगायचं?

उत्तर १: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के, भागिले १००. पेशी १२००, न्यूट्रोफिल ३० टक्के, म्हणजे ३६०. ५००च्या खाली फार धोका. पुढच्या केमोच्या आदल्या दिवशी सीबीसी गावातच करून रिपोर्टचा फोटो पाठवा. एएनसीचा आकडा १०००च्या खाली असेल तर केमो बहुतेक पुढे ढकलतात, पेशंटची खेप वाचते.