सव्वीस जानेवारीला दिल्ली: पुण्याहून जाऊन आलेल्यांनो, लिहा

वारजेकरीण: २०२७ला २६ जानेवारी मंगळवारी येतोय. सोमवारची रजा टाकली की सलग चार दिवस मिळतात. आईला (वय ७१) परेड एकदा प्रत्यक्ष बघायचीये. दरवर्षी पोहे खात दूरदर्शनवर बघते आणि महाराष्ट्राचा चित्ररथ आला की घरभर हाका मारते. अनुभव लिहा. ‘गुगल करा’ असं लिहू नका, ते करून झालंय.

झेलमवाला: आधी गाडी. झेलम, गोवा एक्सप्रेस, दुरांतो, कशाचंही आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठला तयार बसा. आणि २५ला पोचणारी गाडी घेऊ नका. आम्ही घेतली. मथुरेच्या पुढे धुकं असं की खिडकीतून शेजारचा रूळ दिसेना. सात तास उशीर. रात्री एकला लॉजवर, चारला उठायचं. बायको परेडमध्ये माझ्या खांद्यावर झोपली होती, उंटांचं पथक गेलं तेव्हा तेवढी उठवली.

विमाननगर: विमानाने जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. २६च्या आधीचा आठवडाभर सकाळी साडेदहाच्या सुमारास दोनेक तास दिल्लीचं आकाश बंद असतं. पहाटेचं नाहीतर संध्याकाळचं विमान घ्या.

बिबवेवाडी: तिकिटं संरक्षण मंत्रालयाच्या ‘आमंत्रण’ संकेतस्थळावर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात निघतात, २० आणि १०० रुपयांची. रोजचा कोटा असतो आणि तो बघता बघता संपतो. तीन दिवस मी नुसतं ते चक्र फिरताना बघितलं, चौथ्या दिवशी मिळाली. ज्या ओळखपत्रावर तिकीट काढाल तेच मूळ ओळखपत्र खिशात हवं. आमच्या मेहुण्याने काढलं आधारवर, घेऊन आला लायसन्स. बाकीचे आत, तो बाहेर. अजून ऐकून घेतो.

बॅग, डबा, पाण्याची बाटली काही आत नेता येत नाही. हे आम्हाला माहीत होतं, आमच्या काकूला मान्य नव्हतं. तिने गूळपोळ्या आणल्याच. तपासणीला जवान म्हणाला, ‘माताजी, ये अंदर नहीं जाएगा.’ काकूने तिथेच डबा उघडला आणि रांगेत वाटायला सुरुवात केली. मागच्या सरदारजींनी दुसरी मागून घेतली, वर विचारलं की ही घीबरोबर खातात का. काकूचा जीव सुखावला. रिकामा डबा मात्र बाहेरच सोडावा लागला, आणि आजही परेडपेक्षा त्या डब्याचंच दुःख जास्त आहे, स्टीलचा होता.

थंडीबद्दल: पुण्यात आपण ज्याला थंडी म्हणतो ते विसरा. सात वाजता जाऊन बसायचं, परेड साडेदहाला. साडेतीन तास खुर्चीत हलायचं नाही. दोन जोड मोजे, कानटोपी, आत थर्मल.

सदाशिव पेठ: टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं. आणि पोहे गरम असतात.

बिबवेवाडी: दिसतं खरं. पण रणगाडा जाताना पायाखालची जमीन थरथरते, ती टीव्हीवर थरथरत नाही. (धुक्यात विमानांचा नुसता आवाज आला, हेही मान्य.)

खडकीकर: मी वेगळं सांगतो. २६ला तिकीट नाही मिळालं तर साधारण २३ला पूर्ण गणवेशातली रंगीत तालीम असते, तिला जा. आणि राष्ट्रीय समर स्मारक चुकवू नका. इंडिया गेटजवळच आहे, प्रवेश फुकट. आपले लोक लाल किल्ला आणि पराठेवाली गल्ली करून परत येतात, वाईट वाटतं. स्मारकातल्या त्यागचक्राच्या गोलाकार भिंतींवर एकेका ग्रॅनाइटच्या विटेवर एकेका जवानाचं नाव, हुद्दा आणि पलटण. वडील सॅपर, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलातले जवान होते. त्यांच्यासोबतच्या एका जवानाचं नाव शोधायला आम्हाला पाऊण तास लागला. सापडल्यावर वडिलांनी चष्मा काढून रुमालाने ती वीट पुसली. स्वच्छच होती ती.

शेजारी परमवीरचक्र मिळालेल्या एकवीस जणांचे अर्धपुतळे आहेत. त्यात रामा राघोबा राणे आहेत, आमच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे. शेवटची वर्षं ते पुण्यातच होते. आणि अरुण खेतरपाल, जन्म पुण्याचा, १९७१च्या लढाईत गेले तेव्हा वय २१.

चिंचवडची आई: लेक एनसीसीच्या दिल्ली कॅम्पला होती म्हणून गेलो. कर्तव्यपथावर ती दिसली असेल, पण ओळखता आली नाही. शंभर मुली एकसारख्या! नवरा म्हणे, डावीकडून चौथी. लेक म्हणाली, मी उजवीकडे होते.

वारजेकरीण: आईच्या गुडघ्यांना साडेतीन तास झेपेल का, हीच धास्ती आहे.

बिबवेवाडी: मग बीटिंग रिट्रीट, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणारं लष्करी बँडचं संचलन. २९ला विजय चौकात, संध्याकाळी, वेळही कमी. अंधार पडता पडता राष्ट्रपती भवनावरचे सगळे दिवे एकदम लागतात. तिकीट त्याच संकेतस्थळावर. आणि चित्ररथ २६नंतर लाल किल्ल्यापाशी भारत पर्व नावाच्या सरकारी मेळ्यात उभे असतात, अगदी जवळून बघता येतात. फुकट.

वारजेकरीण: आईला विचारलं. म्हणाली, ‘परेड म्हणजे परेड. तू तुझे गुडघे सांभाळ.’ थर्मल घ्यायला लक्ष्मी रोडला निघालोय.