नांगरवाल्याचा वाडा: साऊथ बेंडला जावं का?

शिकागोची_सून: सासरे सांगलीहून आलेत. ऊसवाले शेतकरी. उंच इमारती बघून दोन दिवसांत कंटाळले. इंडियानात साऊथ बेंडला ऑलिव्हर नांगराच्या कारखानदाराचा वाडा आहे, कॉपशाहोम. आता संग्रहालय आहे. दीडशे किलोमीटर जाण्यासारखं आहे, की नुसती झुंबरं न् पलंग?

पायपीट: झुंबरं आहेतच. पण सामान त्याच घरचं, कुठून गोळा केलेलं नाही. ३८ खोल्या, जिने आहेत. सासऱ्यांचे गुडघे बघून ठरवा.

बिडाचा_माणूस: जाच. तीस वर्षं कोल्हापुरात फाउंड्रीत काढलीत, तेव्हा माझं मत एकांगी समजा.

आत शिरण्याआधी भिंत बघा. दगड शेतातले आहेत. हिमनदीनं आणून टाकलेले, कुठे गुलाबी, कुठे करडे. म्हणजे नांगराला आडवे येणारे धोंडेच की! नांगरवाल्यानं त्यांचंच घर बांधावं, मला तर हसू आलं.

वाडा मुलानं, जे. डी. ऑलिव्हरनं, १८९५-९६ मध्ये बांधला. पैसा बापाच्या डोक्यातला. नांगराचं साधं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, लवकर झिजायचं, चिकट माती त्याला धरून बसायची. जेम्स ऑलिव्हरनं साच्यात, माती पलटणाऱ्या अंगाला, वाळूऐवजी लोखंड बसवलं. बिडाचा वितळलेला रस त्याला टेकला की झटकन गोठतो. वरून कडक, आत चिवट. आम्ही याला ‘चिल लावणं’ म्हणतो. पेटंट १८५७चं. सासऱ्यांना हे सांगा, आणि आपल्याकडे लोखंडी नांगरानं जमीन नासते म्हणून किर्लोस्करांचा नांगर सुरुवातीला कुणी घेईना, तेही. मग बघा कसे खुलतात.

आणि आवारातलं ‘डोम रोबोटनिका’ चुकवू नका. पोलिश कामगार कुटुंबाचं १९३०च्या दशकातलं घर मांडलंय. वाडा बघून लोक थेट गाडीकडे वळतात. मी तिथेच जास्त रेंगाळलो. माझं बालपण ३८ खोल्यांत गेलेलं नाही.

शिकागोची_सून: शनिवारी निघतोय. सासरे विचारतात, नांगर हातात धरू देतात का?

बिडाचा_माणूस: काचेआडून बघायची तयारी ठेवा. आणि घड्याळ! साऊथ बेंड शिकागोच्या एक तास पुढे आहे. वाडा गाईडबरोबरच बघता येतो. मी ‘वेळेत’ पोचलो तेव्हा फेरी कधीच निघून गेली होती, आणि बायकोनं ते परतीच्या वाटेवर शिकागो येईपर्यंत ऐकवलं.