एसएलटी आणि पीआय एकच का? लेझरनंतर थेंब बंद होतात का?

कळवेकर
आई ६४ वर्षांची, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. टिमोलॉल आणि लॅटॅनोप्रॉस्ट हे थेंब चालू असूनही डोळ्यातला दाब उजवीकडे २१, डावीकडे २३. डाव्या डोळ्याचा कप (डोळ्याच्या नसेवरचा खळगा; जितका मोठा तितकं नसेचं नुकसान जास्त) ०.८. ठाण्यातल्या डॉक्टरांनी कागदावर 'एसएलटी, दोन्ही डोळे' लिहिलंय. शेजारच्या काकूंचं 'काचबिंदूचं लेझर' झालं ते पीआय होतं, आणि त्यांना थेंब लागत नाहीत. दोन्ही एकच का? आईचे थेंब सुटतील का?

ऐरोली_ऑप्टोम
दोन्ही वेगळी आहेत, आणि कुठलं करायचं ते डोळ्याचा कोन ठरवतो. डोळ्यातलं पाणी कॉर्निया (पुढचा पारदर्शक पडदा) आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) यांच्यामधल्या कोनातल्या बारीक जाळीतून बाहेर जातं. कोन उघडा आहे पण जाळीतून निचरा नीट होत नाही, तर एसएलटी, म्हणजे त्या जाळीवर लेझरचे बारीक शॉट. आयरिस पुढे सरकून कोनच बंद होतोय, तर पीआय, म्हणजे आयरिसला बारीक भोक. बंद कोनावर एसएलटीचा उपयोग नाही, कारण जाळी दिसतच नाही तर शॉट मारणार कुठे?

म्हणून आधी कागदावर 'गोनिओस्कोपी' शोधा. अंधाऱ्या खोलीत आरशाची लेन्स डोळ्याला टेकवून करतात ती तपासणी. शॅफर ग्रेड ३ किंवा ४ म्हणजे कोन उघडा. नोंद नसेल तर लेझरची तारीख घेण्याआधी करून मागा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लेन्समागचा पडदा साफ करतात ते लेझर तिसरंच. सगळ्यांना लोक नुसतं 'लेझर' म्हणतात, तिथेच घोळ होतो.

ओपीडी_वाशी
एसएलटीत काय होतं ते लिहितो. आधी ब्रिमोनिडिनचा (दाब कमी करणारा) थेंब, कारण लेझरनंतर दाब काही तास उसळू शकतो. मग बधिर करायचा थेंब, आणि जेल लावलेली लेन्स डोळ्यावर. तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर, ठिपका ४०० मायक्रॉन, एक शॉट ३ नॅनोसेकंदांचा. पूर्ण ३६० अंशांत साधारण १०० शॉट. सुरुवात बहुधा ०.८ मिलिज्यूलच्या आसपास. जाळीवर सोड्यासारखे बारीक बुडबुडे उठले की ऊर्जा थोडी कमी करतात. एका डोळ्याला पाच-दहा मिनिटं. हलकं टोचल्यासारखं वाटतं, टिकटिक ऐकू येते.

चुकतं ते बहुतेक दोन ठिकाणी. जाळीत रंगद्रव्य गडद असेल तर तेवढ्याच ऊर्जेत दाब जास्त उसळतो. अशा डोळ्याला ऊर्जा कमी ठेवतात, कधी अर्ध्याच वर्तुळात करतात. दुसरं म्हणजे पेशंट लगेच घरी निघतो. तासाभराने दाब मोजल्याशिवाय आईंना उठू देऊ नका. कप ०.८ आहे, त्या नसेला उसळी सोसत नाही.

ऐरोली_ऑप्टोम
पीआयवाल्यांसाठीही थोडं, हा धागा तेही वाचतील. आधी पिलोकार्पिन घालून बाहुली आकसवतात, म्हणजे आयरिस ताणून पातळ होते. त्यामुळे भुवईवर दुखतं आणि संध्याकाळी अंधुक दिसतं. वाशीहून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला परतणार असाल तर पुलाच्या पायऱ्यांवर हात धरायला सोबत माणूस हवा. यॅग लेझरने भोक पडलं की मागून पाणी रंगद्रव्यासकट भसकन पुढे येतं, ती यशाची खूण. थोडं रक्त आलं तर लेन्स डोळ्यावर किंचित दाबून धरली की थांबतं. नंतर काही दिवस स्टेरॉइडचे थेंब. आणि गोनिओस्कोपी पुन्हा करायचीच: भोक असूनही कोन अरुंद राहिला तर कारण मोतीबिंदूने फुगलेली डोळ्यातलीच लेन्स असू शकते.

कळवेकर
गोनिओस्कोपी सापडली, दोन्हीकडे ग्रेड ३. मग थेंबांचं काय?

ओपीडी_वाशी
मग एसएलटी योग्यच. थेंबांबद्दल मात्र अपेक्षा बेताची ठेवा. इंग्लंडमधल्या लाइट चाचणीत (२०१९) एसएलटी घेतलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना तीन वर्षांनीही थेंब लागत नव्हते, पण ते सगळे नव्याने निदान झालेले, औषध सुरू न केलेले पेशंट होते. सुरुवातीचा दाब जितका जास्त तितकी घट जास्त. आईंचा दाब दोन थेंबांनी आधीच खाली आणलेला आहे, त्यामुळे इथे उद्देश थेंब सोडवणं नसून आणखी दोन-चार अंक खाली नेणं हा असणार. गेलेली नजर कुठल्याच लेझरने परत येत नाही.

परिणाम पूर्ण दिसायला सहा ते आठ आठवडे. तोवर एकही थेंब स्वतःहून बंद करू नका. काही वर्षांनी असर ओसरतो, तेव्हा एसएलटी पुन्हा करता येते. दाब दिवसभरात वरखाली होतो, म्हणून आठ आठवड्यांनी शक्यतो आधीच्याच वेळेला मोजा, आणि जुने आकडे तारीख-वेळेसकट सोबत न्या.