पाठांतर खरं, पण लेखनही

काही जण म्हणतात की कुराण निव्वळ पाठांतरावर टिकलं. अर्धंच खरं. परंपरेनुसार पैगंबरांच्या निधनानंतर अरबस्तानातल्या यमामाच्या लढाईत कुराण मुखोद्गत असलेले बरेच पाठक कामी आले, तेव्हा पैगंबरांचे सहकारी उमर यांच्या आग्रहावरून पहिले खलिफा अबू बक्र यांनी पैगंबरांचे लेखनिक झैद इब्न साबित यांना संकलनाला बसवलं. खजुराच्या झावळ्या, पातळ दगड, लोकांचं पाठांतर, सगळं धुंडाळून. ती प्रत पुढे उमर यांची मुलगी आणि पैगंबरांची पत्नी हफ्सा यांच्याकडे राहिली. तिसरे खलिफा उस्मान यांनी त्या प्रतीवरून नकला करून प्रांतोप्रांती पाठवल्या आणि बाकीच्या जाळायला लावल्या. हे जाळणं चर्चेत हमखास गाळलं जातं. खुद्द बुखारींच्या हदीससंग्रहात (पैगंबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांबद्दलच्या कथनांच्या प्रमाण संग्रहात) आहे की! येमेनमधल्या सना शहराच्या मोठ्या मशिदीत १९७२मध्ये सापडलेल्या एका चर्मपत्रावर तर पुसलेला जुना मजकूर दिसतो, काही ठिकाणी शब्द वेगळे, क्रमही वेगळा. तौहीद (ईश्वर एकच), आखिरत (मरणोत्तर जीवन) ही शिकवण मात्र तिथेही तीच.