कपाटात असूनही राहून गेलेली रॉक गाणी

माझ्याकडे रॉकच्या तीनशेच्या वर सीडी आहेत, पण ऐकतो ती तीच ती चाळीसेक गाणी. 'मेडल' (१९७१) हा पिंक फ्लॉइडचा अल्बम माझ्यासाठी म्हणजे फक्त २३ मिनिटांचं 'एकोज'. बाकीचं पुढे ढकलायचो. परवा भिंत रंगवत होतो, दोन्ही हात रंगाने भरलेले, त्यामुळे 'फिअरलेस' पूर्ण वाजलं. गिटारची ती पायरी पायरी चढणारी ओळ, आणि शेवटी लिव्हरपूलच्या फुटबॉलप्रेमींचा गाणारा जमाव! ब्रश हातात तसाच राहिला. वीस वर्षं हे माझ्याच कपाटात होतं. तुम्ही अशी गाणी कशी शोधता?

प्रतिसाद १
क्वीनचं ''३९' ऐका. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्याच अल्बमवर (१९७५) आहे, म्हणून झाकोळलं. त्यांचा गिटारवादक ब्रायन मेने लिहिलंय आणि गायलंही त्यानेच. अवकाशयात्री एका वर्षाने म्हातारा होऊन परततो, इथे मात्र पिढ्या उलटलेल्या. मे खगोलभौतिकीचा माणूस, ते जाणवतं.

प्रतिसाद २
शफल बंद करा. मी अल्बम मधूनच सुरू करतो. सुरुवातीची गाणी पाठ असतात, कान थकतो तो पुढे. लेड झेपेलिनच्या 'फिजिकल ग्रॅफिटी'त 'टेन इयर्स गॉन' असंच सापडलं, मूळ दोन रेकॉर्डच्या संचातल्या तिसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी. गिटारवादक जिमी पेजच्या गिटारींचे थर हेडफोनवरच ऐका.

प्रतिसाद ३ (मूळ प्रश्नकर्ता)
काल रात्री ऐकलं. दोनदा. आता चौथ्या बाजूची गाणी लावतोय.