मदत हवी आहे: जुन्या फ्रेमवरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतोय

चार जुन्या लाकडी फोटोफ्रेम्स आहेत, नक्षीवाल्या, गडद चकचकीत पॉलिशच्या. त्यांना झिजल्यासारखा लुक द्यायचाय, म्हणजे खाली तपकिरी, वर पांढरट आणि कडांना, नक्षीच्या उंचवट्यांवर खालचा रंग डोकावला पाहिजे. एकीवर करून बघितलं. काच आणि मागचा पुठ्ठा काढला, ओल्या फडक्याने पुसली, तपकिरी अ‍ॅक्रिलिकचा एक हात दिला, वाळल्यावर कडांना मेणबत्ती घासली, मग पांढऱ्याचे दोन हात, रात्रभर ठेवली आणि सकाळी 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकंच घासायला घेतलं. मेण होतं तिथे इतकं सुंदर निघालं की मी खूश, पण सपाट भागावर दोन्ही रंग एकदमच सुटले, नखाने ओढलं तरी पट्टीच्या पट्टी निघते आणि खाली जुनं पॉलिश जसंच्या तसं चकाकतंय.

आधी पॉलिश घासून घेतलं नाही तिथेच चुकलं असं वाटतं. पण नक्षीच्या खाचांत पेपर पोचत नाही, शिवाय नक्षी कोरलेली नाही, वरून चिकटवलेली आहे, पांढऱ्या प्लास्टरसारखी, दोन ठिकाणी टवका उडालाय तिथे दिसतं. म्हणून पेंट रिमूव्हर लावायचा धीर होत नाही. सँडिंग मशीन नाही, सगळं हातानेच करणार, आणि स्प्रे नको, घरात लहान मूल आहे.

उरलेल्या तीन बिघडवायच्या नाहीत म्हणून विचारते, नुसती चकाकी मोडेपर्यंत घासून वर प्रायमरचा एक हात दिला तर रंग धरेल का, की पॉलिश पूर्ण काढावंच लागेल? आणि खाचांमधली चकाकी नक्षीला धक्का न लावता कशाने घालवायची?